चाळिशीत काम बदलायचे तर: बडोदेकर मराठी मंडळींसाठी काही हिशेब

बडोद्यातली बरीच मराठी घराणी इथे आली ती नोकरीच्या निमित्ताने. कुणी गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते, कुणी फौजेत, कुणी शाळेत मास्तर. पुढच्या पिढ्या रेल्वे, बँक, विद्यापीठ, रिफायनरी आणि खत कारखान्यात लागल्या. त्यामुळे ‘चिकटला का कुठे?’ हा आपल्या घरांतला जुना प्रश्न. एकदा चिकटला की साठीपर्यंत काळजी मिटली, असा त्यामागचा हिशेब असे.

तो हिशेब आता जुळत नाही. कायम जागांच्या ठिकाणी कंत्राटी जागा आल्या, हाताने होणारे काम संगणकावर गेले, एखादा विभाग बंद झाला की बेचाळीस वर्षांचा माणूस घरी बसतो. घराचा हप्ता चालू असतो, मुलगी बारावीत असते. काही जणांची नोकरी टिकून असते, पण पगार वाढत नाही आणि पाळ्यांची दगदग शरीराला झेपत नाही. मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदाच कमावायला बाहेर पडू पाहणाऱ्या भगिनीही आपल्यात आहेत. या सर्वांचा प्रश्न एकच असतो: या वयात नवे काम शिकता येईल का, आणि शिकेपर्यंत घर कसे चालेल?

याच गावातले एक उदाहरण

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा होती. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे हाताला काम देणारे शिक्षण देशी भाषेतून द्यावे, हा त्यामागचा विचार. हेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सामावले गेले.

या कलाभवनात शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला आणि छायाचित्रण शिकून त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छपाई आणि ब्लॉक तयार करण्याच्या धंद्यात पडले. नाटकाचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही शिकले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांचे वय ४३ होते.

दादासाहेबांची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातला कामाचा भाग सांगायचा राहून जातो. चित्रपट काढताना ते शून्यातून सुरुवात करत नव्हते. कॅमेरा, रसायने, रंग, पडदे, छपाई, हातचलाखी हे सगळे आधीच्या कामांतून हातात आले होते. नवे तंत्र शिकायला ते १९१२ मध्ये विमा पॉलिसींवर कर्ज काढून लंडनला गेले आणि थोड्याच आठवड्यांत परतले. परत आल्यावर मोठे भांडवल मागण्याआधी त्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म तयार करून लोकांना दाखवली. घरची संमतीही होती. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले.

हातात काय आहे ते ओळखणे, नेमके कमी पडते तेवढेच शिकणे, छोटा नमुना करून पाहणे आणि घराला बरोबर घेणे, हा क्रम आजच्या माणसालाही लागू पडतो.

आधी आपली शिदोरी मोजा

‘मला दुसरे काही येत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. आपण हुद्दा सांगतो, काम सांगत नाही. एका वहीत मागच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष काय केले ते लिहून काढा. ‘स्टोअर असिस्टंट’ एवढे लिहून थांबू नका. मालाची नोंद, पुरवठादारांशी बोलणी, बिलांची पडताळणी, चार माणसांकडून वेळेत काम करून घेणे, असे लिहा. अशी यादी झाली की शेजारच्या वाटा दिसू लागतात. कारखान्यात देखभालीचे काम केलेल्याला एसी दुरुस्ती किंवा सौर पॅनेलची बसवणी फार लांब नाही. हिशेब विभागातल्या माणसाला लहान दुकानदारांची खाती सांभाळता येतात.

इथे एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यातले पुष्कळ जण गुजराती अस्खलित बोलतात, पण लिहिताना अडखळतात. पगारी नोकरीत ते खपून जाते. स्वतःचे गिऱ्हाईक सांभाळायचे, कोटेशन द्यायचे, सरकारी अर्ज भरायचे तर गुजराती लिहिता-वाचता येणे हे अवजाराइतकेच गरजेचे आहे.

शिकण्याच्या वाटा आणि वयाची अट

आयटीआय म्हणजे दहावी झालेल्या पोरांची जागा, हा समज पुसायला हवा. प्रवेशाचे किमान वय १४ आहे, वरची मर्यादा साधारणपणे नाही. आपल्याकडे गोरवा आणि तरसाली इथे सरकारी आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एअरकंडिशनिंग हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम दहावीवर मिळतात. वेल्डर आणि शिवणकाम हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आठवीवरही मिळतात. अडचण असते ती वेळेची. हजेरी सक्तीची असल्यामुळे दिवसपाळीची नोकरी सांभाळून हे जमत नाही. घरातले दुसरे उत्पन्न नियमित असेल, तरच या वाटेला जावे.

ज्यांना काम येते पण कागद नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहे. थोडे दिवस उजळणी, मग परीक्षा आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र, असे तिचे स्वरूप. योजनेच्या चौथ्या टप्प्यात यासाठी वयाची अट १८ ते ५९ ठेवली गेली. पंधरा वर्षे वायरिंग करणाऱ्या माणसाने दोन वर्षे वर्गात बसण्यापेक्षा आधी ही चौकशी करावी. प्रमाणपत्राने हात जास्त कुशल होत नाही, पण मोठ्या ठेकेदाराकडे किंवा परदेशी कामासाठी दार उघडते.

शिंपी, सुतार, गवंडी, सोनार, कुंभार, न्हावी अशा १८ हस्तव्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकर असेल तर मिळत नाही. आपल्या अनेक घरांना ही शेवटची अट आडवी येईल, म्हणून आधीच पाहून घ्यावे.

तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. बँक ऑफ बडोदाच्या अशा संस्था ‘बडोदा स्वरोजगार विकास संस्थान’ या नावाने चालतात. तिथले शिक्षण विनामूल्य असते.

वयाची दारे काही ठिकाणी खरोखर बंद होतात, हेही माहीत असावे. नर्सिंगच्या एएनएम आणि जीएनएम अभ्यासक्रमांना प्रवेशाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे. त्यामुळे चाळिशीतल्या भगिनीने त्या आशेवर वर्ष घालवू नये. रुग्णसेवेतच जायचे असेल तर ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम तिला जास्त जवळचा आहे.

दोन कामे जवळून पाहू

पहिले काम छतावरच्या सौर पॅनेलचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संयंत्राला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गुजरात यात आघाडीवर आहे. यात कामे अनेक: लोखंडी सांगाडा बसवणे, वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर जोडणे, वीज कंपनीकडची मीटरची कागदपत्रे, नंतरची सफाई आणि देखभाल. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि ऑफिसात कागद सांभाळलेला माणूस, चौघांनाही यात जागा आहे. पण उन्हाळ्यात गच्चीवर, उंचीवर काम करावे लागते. चक्कर किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर बसवणीऐवजी पाहणी आणि कागदपत्रांकडे वळावे. विजेचे काम स्वतंत्रपणे करायचे तर राज्याच्या परवाना मंडळाकडून वायरमन परमिट घ्यावे लागते. पहिले वर्ष एखाद्या परवानाधारक ठेकेदाराकडे काढणे शहाणपणाचे.

दुसरे काम घरी राहून होणाऱ्या रुग्णसेवेचे. आपल्या समाजात हे काम दारात आहे. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत आणि ऐंशीचे आईवडील इथे एकटे, अशी घरे प्रत्येकाच्या माहितीत असतील. पडून असलेल्या आजींना आपल्या भाषेत बोलणारी, त्यांच्या जेवणाची सवय ओळखणारी बाई मिळणे कठीण जाते. इथे आपली मराठी ही जमेची बाजू ठरते. मात्र प्रेमळ स्वभावावर हे काम भागत नाही. रुग्णाला उचलण्याची पद्धत, अंथरुणातल्या जखमा टाळणे, औषधांच्या वेळा, रक्तदाब आणि साखरेची नोंद, डॉक्टरला कधी बोलवायचे, हे सगळे शिकावे लागते. पाळी बारा तासांची असू शकते. कामाचे तास, सुट्टी आणि काय करायचे नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठरवावे. नाहीतर रुग्णसेवेबरोबर धुणीभांडीही गळ्यात पडतात.

राजीनाम्याआधीचा हिशेब

समजा, घरखर्च महिन्याला ३०,००० आणि घराचा हप्ता १२,००० रुपये आहे. जोडीदाराची कमाई १५,००० असेल तर दरमहा तूट २७,००० ची. सहा महिने शिकण्यात गेले तर १,६२,००० रुपये लागतील. पुढचे सहा महिने नव्या कामातून निम्मीच तूट भरून निघाली, तर आणखी ८१,००० लागतील. फी आणि अवजारे मिळून ६५,००० धरा. एकूण ३,०८,००० रुपये झाले. एवढी रक्कम मोकळी नसेल तर राजीनामा पुढे ढकला आणि सुट्टीच्या दिवशी शिकायला सुरुवात करा.

आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, पेन्शन. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षे झाली असतील तर घाईने सगळे पैसे काढू नका. दुसरी, ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत ती सलग पाच वर्षांनंतर मिळते, थोडे महिने कमी असतील तर थांबणे फायद्याचे. तिसरी, आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे नोकरीत असतानाच विचारून घ्या. पन्नाशीत मधुमेहासह नवी पॉलिसी घेणे महागात जाते.

फसवणूक ओळखा

बेकार माणसाच्या घाईवर जगणारे पुष्कळ आहेत. ‘पन्नास हजार भरा, शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याकडे आधीच्या तुकडीतल्या पाच जणांचे फोन मागा. द्यायला कचरला तर तिथूनच परत फिरा. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. परदेशी नोकरी सांगणाऱ्या दलालाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद आहे का, ते पाहा.

घरातली गोष्ट

इतके सगळे जुळले तरी एक अडथळा उरतो, तो आपल्या मनाचा. ‘एवढा शिकलेला आणि आता एसी दुरुस्त करतो?’ हे वाक्य आपल्याच समारंभांत ऐकू येते. गुजराती शेजाऱ्याने पन्नाशीत नवे दुकान टाकले की आपण त्याच्या हिमतीचे कौतुक करतो. आपल्या माणसाने हातात पाना घेतला की ‘वेळ आली बिचाऱ्यावर’ म्हणतो. या एका शब्दापायी कित्येक जण नोकरी गेल्याचे महिनोन् महिने घरीही सांगत नाहीत आणि तेवढ्यात शिल्लक संपते. ज्या महाराजांच्या नावाने आपण इथे मान मिळवतो, त्यांनी हातांना शिक्षण देण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी संस्था उभी केली होती, एवढे आठवले तरी पुरे.

मंडळाच्या सभासदांत निवृत्त अभियंते, बँकेतले अधिकारी, परिचारिका, शिक्षक आहेत. कुणाला कोणता परवाना कुठे मिळतो, कोणत्या ठेकेदाराकडे शिकायला मिळेल, कर्जाच्या अर्जात काय राहते, हे त्यांना ठाऊक असते. गणेशोत्सवात भेटाल तेव्हा नुसते ‘काय चाललंय?’ न विचारता ‘सध्या काम कसं आहे?’ एवढे विचारा. आणि स्वतः अडचणीत असाल तर उत्तर खरे द्या.