पंखा का रुसला होता?

मे महिन्याच्या सुट्टीत मी अकोल्याला घरी गेलो, तेव्हा आजोबांच्या खोलीतला पंखा नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता. अकोल्याचा उन्हाळा किती कडक असतो, हे विदर्भातल्या कॅडेटना सांगायला नको. वायरमन काका लग्नसराईत अडकलेले. "चार दिवसांनी येतो," म्हणाले. आजोबांनी तक्रार केली नाही, पण रात्रभर ते वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. आपणच दुरुस्त करू, असे मी ठरवले.

पहिल्याच दिवशी चुकलो. रेग्युलेटर जुना दिसत होता, म्हणून तोच बिघडला असणार असे धरून चाललो. आईकडून अडीचशे रुपये घेऊन नवा आणला आणि बसवला. पंखा तसाच! आईने एवढेच विचारले, "तो बिघडलाय हे तपासलं होतंस का?" तपासले नव्हते. टेहळणी न करताच मी हल्ला केला होता.

दुसऱ्या दिवशी कागद घेतला आणि लक्षणे लिहून काढली. गुणगुण येते, म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोहोचते आहे. आजोबा म्हणाले, "दोन वर्षं झाली, पाचवरही हळूच फिरायचा रे." आता संशयित तीन उरले: बेअरिंग, वाइंडिंग आणि कपॅसिटर, ज्याला वायरमन कंडेन्सर म्हणतात.

मेन स्विच बंद करून पाते हाताने फिरवले. ते सहज फिरले, आवाज न करता हळूहळू थांबले. म्हणजे बेअरिंग ठीक. मग पात्याला पुन्हा गती दिली, मी दूर झालो आणि आजोबांनी वीज सुरू केली. पंखा संथपणे फिरत राहिला. उलट्या दिशेने गती दिली, तर उलटाच फिरू लागला! इथेच चोर सापडला.

मित्रांनो, यामागचे विज्ञान सोपे आहे. आपल्या घरातल्या साध्या पंख्याची मोटार सिंगल फेजची असते. एकट्या मुख्य वाइंडिंगचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी मागेपुढे होते. थांबलेल्या पंख्याला ते कोणत्याच दिशेने ढकलत नाही. म्हणून दुसरे वाइंडिंग असते आणि त्याच्याशी कपॅसिटर एकसरीत जोडलेला असतो. तो दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो, त्यामुळे क्षेत्र फिरू लागते आणि पंख्याला सुरुवात व दिशा दोन्ही मिळतात. कपॅसिटर अशक्त झाला की वेग घटतो. पूर्ण निकामी झाला की उरते फक्त गुणगुण. आजोबांची दोन वर्षांची तक्रार हीच पहिली सूचना होती.

आमच्या पंख्याचा कपॅसिटर वरच्या वाटीत होता. त्यावर 2.5 मायक्रोफॅरड आणि 440 व्होल्ट असे छापलेले होते. त्याच आकड्यांचा नवा साठ रुपयांत मिळाला. जास्त क्षमतेचा बसवून वेग वाढवण्याचा मोह टाळा, वाइंडिंग तापते.

काम करताना हे नियम पाळा. घरातले मोठे माणूस सोबत हवेच. फक्त बटण नव्हे, मेन स्विच बंद करा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग पंख्याच्या तारांना लावून वीज नसल्याची खात्री करा. स्टूल कोणीतरी धरून ठेवावे. माझे आईने धरले होते. जोडणीचा फोटो आधीच काढा. वीज बंद असली तरी कपॅसिटरमध्ये भार उरू शकतो, म्हणून इन्सुलेशन असलेल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोके क्षणभर जोडा. जळका वास, काळ्या पडलेल्या तारा किंवा पुन्हा पुन्हा पडणारा एमसीबी दिसला, तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. नव्या कपॅसिटरनेही पंखा फिरला नाही, तर दोष वाइंडिंगचा असू शकतो. तेही आपले काम नव्हे. बीएलडीसी पंख्यांची रचना वेगळी असते, त्यांना ही युक्ती लागू नाही.

त्या रात्री पंखा तीनवर ठेवावा लागला, कारण पाचवर आजोबांना थंडी वाजू लागली. काढून टाकलेला जुना रेग्युलेटर मी बैठकीच्या खोलीतल्या पंख्याला लावून पाहिला. तो अगदी चांगला होता. आता तो वसतिगृहात माझ्या कपाटात आहे. कुठलीही वस्तू बिघडली की आधी त्याच्याकडे पाहतो, मग कागद काढतो आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर.