लोकप्रतिनिधीचें कवच आणि परराष्ट्रांचें दडपण

कायदेमंडळाच्या सभासदाला दोन प्रकारचें संरक्षण असूं शकतें, आणि त्या दोहोंची सरमिसळ नेहमीं होते. पहिलें संरक्षण त्याच्या शब्दाला असतें. सभागृहांत तो जें बोलला किंवा ज्या बाजूनें त्यानें मत दिलें, त्याबद्दल त्याला न्यायालयांत खेंचतां येत नाहीं. दुसरें संरक्षण त्याच्या देहाला असतें. सभागृहाच्या संमतीवांचून त्याला पकडतां येत नाहीं. आपल्या घटनेच्या १०५ व्या कलमानें भारतांतील खासदाराला पहिलें दिलें आहे. दुसरें मात्र फौजदारी गुन्ह्यांच्या बाबतींत त्याला नाहीं. युरोप खंडांतील पुष्कळ देशांत दोन्ही आहेत, आणि तुर्कस्तानच्या १९८२ च्या घटनेच्या ८३ व्या कलमांतही तीं दोन्ही आढळतात. यांतली खोंच अशी कीं, दुसरें कवच सभासदाच्या मालकीचें नसून सभागृहाच्या मालकीचें असतें. बहुमताला वाटेल तेव्हां तें काढून घेतां येतें. मग ज्याचें बोलणेंच बहुमताला खुपतें, त्याला तें किती दिवस पुरणार? आणि तें गेल्यावर परक्या राष्ट्रांना त्याच्यासाठीं कांहीं करतां येतें काय? लेयला झाना यांच्या प्रकरणावरून या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

या बाई कुर्द. ऑक्टोबर १९९१ मध्यें आग्नेय तुर्कस्तानांतील दियारबकीर येथून त्या निवडून आल्या. तुर्की पार्लमेंटांत गेलेल्या त्या पहिल्या कुर्द स्त्री. त्यांचे पती मेहदी झाना हे त्याच शहराचे माजी नगराध्यक्ष. १९८० च्या लष्करी सत्तापालटानंतर त्यांनीं कित्येक वर्षें तुरुंगांत काढलीं होतीं. शपथविधीच्या दिवशीं लेयलाबाईंनीं डोक्याला तांबड्या, पिवळ्या व हिरव्या, म्हणजे कुर्दांच्या रंगांची फीत बांधली होती. शपथ त्यांनीं तुर्कीतच घेतली. मात्र शेवटीं कुर्द भाषेंत एक वाक्य जोडलें. तुर्क आणि कुर्द यांच्या बंधुत्वासाठीं आपण ही शपथ घेत आहों, एवढाच त्याचा आशय. सभागृहांत एकच गदारोळ उठला. कुर्द भाषेवरील बंदीचा कायदा त्याच वर्षीं एप्रिलांत रद्द झाला होता. पण ती भाषा पार्लमेंटांत कानांवर घेण्याची तयारी झालेली नव्हती.

त्या काळीं आग्नेय प्रांतांत पी. के. के. ही कुर्दांची सशस्त्र संघटना आणि सरकारी सैन्य यांची लढाई चालू होती, दोहोंकडे माणसें मरत होतीं, आणि झानाबाईंचा पक्ष म्हणजे या संघटनेचाच राजकीय हात होय, असें सरकारचें म्हणणें होतें. या आरोपाची छाननी निःपक्षपाती न्यायासनापुढें व्हावयास हवी होती. झालें तें निराळें. मार्च १९९४ मध्यें पार्लमेंटनें त्यांचें व त्यांच्या कांहीं सहकाऱ्यांचें संरक्षण काढून घेतलें. ओरहान दोआन व हातिप दिजले यांना पोलिसांनीं पार्लमेंटच्या दाराशींच धरलें. दोन दिवसांनीं झानाबाईंनाही अटक झाली. लष्करी न्यायाधीशाचा समावेश असलेल्या विशेष न्यायालयापुढें खटला चालला. आरंभीं फांशीची शिक्षा असलेलें कलम लावण्यांत आलें होतें. अगदीं शेवटच्या दिवशीं तें बदलून सशस्त्र संघटनेच्या सभासदत्वाचें कलम पुढें आलें, आणि ८ डिसेंबर १९९४ रोजीं झानाबाईंसह चौघांना प्रत्येकीं १५ वर्षांची शिक्षा झाली.

आतां दडपणाची गोष्ट. निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. १८८९ पासून चालत आलेल्या आंतर-पार्लमेंटरी संघाची, छळ झालेल्या सभासदांसाठीं १९७६ पासून एक खास समिती आहे. तिनेंही हें प्रकरण हातीं घेतलें. परंतु ठरावानें तुरुंगाचें कुलूप निघत नाहीं. ज्या राष्ट्राला आपल्यापाशीं कांहीं मागावयाचें आहे, त्याच्याशींच दडपणाची भाषा चालते. आणि तुर्कस्तानला त्या वेळीं युरोपीय संघाशीं जकात-संघाचा करार हवा होता. त्याला युरोपीय पार्लमेंटची संमति आवश्यक होती. तरफ हातांत होती, आणि १९९५ च्या शरद ऋतूंत ती थोडी हललीही. ऑक्टोबरांत दहशतवादविरोधी कायद्याचें एक कलम सौम्य करण्यांत आलें आणि पकडलेल्या सभासदांपैकीं दोघे सुटले. त्याच वर्षीं युरोपीय पार्लमेंटनें झानाबाईंना साखारोव्ह पारितोषिक जाहीर केलें. पण १३ डिसेंबरला त्याच पार्लमेंटनें करारालाही संमति दिली ! करार फेटाळला तर तुर्कस्तानांत धर्मवादी पक्ष बळावेल, असा युक्तिवाद त्या वेळीं मोठ्या जोरानें केला जात होता. अकरा दिवसांनीं झालेल्या निवडणुकींत तो पक्ष पहिला आलाच. तरफ टाकून दिली, आणि जें टाळावयाचें म्हणून टाकली तेंही टळलें नाहीं. झानाबाई त्यानंतर आणखी साडेआठ वर्षें कैदेंत राहिल्या.

कुलूप निघालें तें दोन किल्ल्या एकत्र लागल्यावर. पहिली किल्ली स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाची. तुर्कस्ताननें करारानें स्वतःवर बंधनकारक करून घेतलेल्या या न्यायालयानें जुलै २००१ मध्यें निकाल दिला कीं, हा खटला न्याय्य नव्हता. लष्करी न्यायाधीश बसलेलें न्यायासन स्वतंत्र म्हणतां येत नाहीं, आणि ऐनवेळीं आरोप बदलून बचावाला अवसर दिला गेला नाहीं. दुसरी किल्ली संघाच्या सभासदत्वाच्या आशेची. डिसेंबर १९९९ मध्यें तुर्कस्तान अधिकृत उमेदवार झाला होता, आणि वाटाघाटी सुरू करावयाच्या कीं नाहीं हें डिसेंबर २००४ मध्यें ठरणार होतें. कायदा बदलून फेरखटला झाला. तरीही एप्रिल २००४ मध्यें न्यायालयानें जुनीच शिक्षा कायम केली. युरोपांतून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. ९ जूनला वरिष्ठ न्यायालयाच्या आदेशानें चौघेही बाहेर आले. योगायोग पाहा, त्याच दिवशीं तुर्कस्तानच्या सरकारी प्रक्षेपण संस्थेनें कुर्द भाषेंतला आपला पहिला कार्यक्रम सादर केला.

मे २०१६ मध्यें तुर्की पार्लमेंटनें ३७६ मतांनीं घटनाच दुरुस्त केली आणि शंभराहून अधिक सभासदांचें कवच एका फटक्यांत काढलें. नोव्हेंबरांत कुर्द नेते सेलाहत्तिन देमिरताश यांना अटक झाली. या वेळीं तरफेचें दुसरें टोंक अंकाराच्या हातीं होतें; निर्वासितांचे लोंढे रोखून धरण्यासाठीं मार्चमध्येंच युरोपीय संघानें तुर्कस्तानशीं समझोता केला होता, आणि सभासदत्वाच्या वाटाघाटी केव्हांच थंडावल्या होत्या. वाटाघाटी गोठवाव्या असें युरोपीय पार्लमेंटनें त्याच महिन्यांत सुचविलें. पण ज्या वस्तूची ओढ उरली नाहीं ती नाकारण्याची धमकी कोण मनावर घेतो? डिसेंबर २०२० मध्यें स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या महापीठानें देमिरताश यांना तत्काळ सोडावें असें सांगितलें. त्यानंतरही ते कित्येक वर्षें तुरुंगांतच होते.