आज्ञा-प्रत्युत्तर

दूरच्या ठाण्याला वा यंत्राला दिलेल्या आज्ञेचे काय झाले, हे कळविण्यासाठी उलट दिशेने येणारा संदेश. आज्ञा पोहोचली की नाही, ती मान्य झाली की नाकारली गेली, नाकारली असल्यास कोणत्या कारणाने आणि मान्य झाली असल्यास तिचे फळ काय, एवढ्या गोष्टी प्रत्युत्तरातून कळणे अपेक्षित असते. संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या संभाषणात, विशेषतः गुप्तता राखणाऱ्या संभाषण-प्रणालींत, प्रत्युत्तराची हाताळणी हा प्रोग्रॅमच्या रचनेतील स्वतंत्र व नाजूक भाग मानला जातो. प्रस्तुत नोंदीत ही हाताळणी सिल्क या प्रणालीच्या आधारे स्पष्ट केली आहे.

पूर्वपीठिका : प्रश्न व उत्तर यांची सांगड घालण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधी तारायंत्र व रेल्वे यांना जाणवली. खानदेशातून जाणारा भुसावळ–खांडवा हा लोहमार्ग मुंबईला उत्तर व पूर्व भारताशी जोडणाऱ्या मूळ मार्गाचा भाग असून १८७० मध्ये जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जोडले जाऊन मुंबई–कलकत्ता हा मार्ग अखंड झाला. केळीच्या वाहतुकीसाठी प्रसिद्ध असलेले सावदा स्थानक याच मार्गावर आहे. सावद्याहून खांडव्याच्या दिशेने गाडी सोडण्यापूर्वी पुढील निंभोरा स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळणे आवश्यक असते. निंभोऱ्याकडून काहीच उत्तर आले नाही, तर मार्ग मोकळा आहे असे सावद्याच्या स्टेशन मास्तरला मानता येत नाही. मौन म्हणजे संमती नव्हे, हा या पद्धतीचा पहिला नियम होय.

हे काम एरवी ब्लॉक उपकरणांद्वारे होते. उपकरण बिघडल्यास दूरध्वनीवरून विचारणा करावी लागते. अशा वेळी कोणत्या गाडीसाठी विचारणा आहे हे गाडीचा क्रमांक सांगून स्पष्ट करतात, उत्तरातही तोच क्रमांक पुन्हा उच्चारला जातो आणि परवानगी देणारा स्टेशन मास्तर आपल्याजवळच्या तक्त्यातील एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. तो नंबर नोंदवहीत लिहिला जातो आणि तक्त्यातून खोडला जातो. येथे दोन निरनिराळी कामे दोन निरनिराळे क्रमांक करतात. गाडीच्या क्रमांकामुळे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे ठरते, तर प्रायव्हेट नंबरमुळे उत्तर अधिकृत व्यक्तीने खरोखरच दिले आहे, याची खूण राहते. उत्तराची ओळख व उत्तराची विश्वसनीयता यांतील हा भेद पुढील विवेचनातही महत्त्वाचा आहे.

संगणकीय संभाषणातील अडचण : संगणकांमधील आज्ञांना क्रमांकित उत्तरे देण्याची प्रथा जुनी आहे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टपाल-वहनाच्या नियमांत आज्ञा पार पडल्यास २५०, टपालपेटी उपलब्ध नसल्यास ५५० असे तीन अंकी संकेत होते. फिनलंडमधील औलू येथे यार्को ऑइकारिनेन यांनी १९८८ मध्ये तयार केलेल्या इंटरनेट रिले चॅट या संभाषण-प्रणालीनेही हीच पद्धत उचलली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमांनुसार ४०१ हा संकेत ‘असे टोपणनाव नाही’ असे सांगतो, तर ४३३ हा ‘टोपणनाव आधीच वापरात आहे’ असे.

टपालाच्या बाबतीत साधारणपणे एक आज्ञा, तिचे उत्तर, मग पुढची आज्ञा असा क्रम असल्याने गोंधळ होत नाही. संभाषणात तसे नसते. वापरणारा एकामागून एक आज्ञा देतो. सर्व्हर काहींची उत्तरे लगेच देतो, काहींसाठी त्याला दुसऱ्या सर्व्हरकडे विचारणा करावी लागते. त्यामुळे उत्तरे आज्ञांच्या क्रमाने येतीलच असे नाही. शिवाय मध्येच इतरांचे संदेश व कोणीही न मागितलेल्या सूचना येत राहतात. उत्तरात ‘काय झाले’ एवढेच असेल आणि ‘कशाचे’ हे नसेल, तर प्रोग्रॅमला अंदाज करावा लागतो. अशा अंदाजावर साधे संभाषण एक वेळ निभावते. गुप्त संभाषण निभावत नाही.

सिल्क प्रणाली : सिक्युअर इंटरनेट लाइव्ह कॉन्फरन्सिंग या नावाच्या आद्याक्षरांवरून सिल्क हे नाव पडले. फिनलंडमधील पेक्का रिकोनेन यांनी तिचा आराखडा १९९६ मध्ये केला व २००० मध्ये ती सार्वजनिक केली. तिच्यात सर्व पाकिटे कूटबद्ध करूनच पाठविली जातात. प्रत्येक पाकिटाला अनुक्रमांक असतो व तो हिशेबात घेऊन काढलेला प्रमाणक अंक पाकिटासोबत जातो. त्यामुळे वाटेत कोणी पाकीट बदलल्यास किंवा जुनेच पाकीट पुन्हा पाठविल्यास ते ओळखता येते. रेल्वेच्या उदाहरणातील प्रायव्हेट नंबरचे काम येथे हा प्रमाणक अंक करतो.

वापरणाऱ्यासमोर जो प्रोग्रॅम चालतो त्यास क्लायंट म्हणतात. प्रत्येक क्लायंट-लेखकाला हे सर्व नियम नव्याने लिहावे लागू नयेत, म्हणून सी या भाषेत सिल्क टूलकिट ही लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार उपक्रमांचा संच, उपलब्ध करून देण्यात आला. पिजिन या बहुविध संदेश-प्रोग्रॅममधील सिल्कची सोयही तिच्यावर आधारलेली होती.

पाकिटाची रचना : सिल्कमध्ये आज्ञेसाठी ११ व प्रत्युत्तरासाठी १२ असे पाकिटांचे स्वतंत्र प्रकार आहेत. दोहोंच्या आतील मजकुराची मांडणी मात्र एकच आहे. आरंभी सहा बाइटांचे शीर्ष असते. त्यात दोन बाइट लांबीसाठी, एक बाइट आज्ञेच्या क्रमांकासाठी, एक बाइट सोबतच्या बाबींच्या संख्येसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळख-अंकासाठी असतात. ओळख-अंक आज्ञा देणारा क्लायंट ठरवितो आणि सर्व्हरला प्रत्युत्तरात तोच अंक जसाच्या तसा परत करावा लागतो. सावद्याने विचारलेल्या गाडीचा क्रमांक निंभोऱ्याने उत्तरात पुन्हा उच्चारावा, तसाच हा प्रकार आहे. दोन बाइटांत ६५,५३६ अंक मावतात. ते संपल्यावर पुन्हा आरंभापासून वापरावे लागतात. म्हणून ज्या आज्ञेचे उत्तर अद्याप यायचे आहे तिचा अंक दुसऱ्या आज्ञेला दिला जाणार नाही, ही काळजी घेणे इष्ट असते.

प्रत्युत्तरातील पहिली बाब म्हणजे स्थितिदर्शक अंक. ० म्हणजे आज्ञा पार पडली. उत्तर अनेक पाकिटांत येणार असेल, तर पहिल्यावर १, मधल्यांवर २ व शेवटच्यावर ३ हा अंक असतो. १० व त्यापुढील अंक निरनिराळ्या अपयशांचे असतात, उदा., १० म्हणजे असे टोपणनाव नाही, ११ म्हणजे असे चॅनेल नाही. क्विट, म्हणजे निरोप घेण्याच्या आज्ञेला, मात्र प्रत्युत्तर नसते. कोणत्या आज्ञेला उत्तर येणार नाही हेही नियमांत आधीच सांगितलेले असल्याने तेथील मौनाचा अर्थ संदिग्ध राहत नाही.

लायब्ररीचे कार्य : आज्ञा पाठविताना लायब्ररी तिचा ओळख-अंक आणि उत्तर आल्यावर चालवावयाचा उपक्रम, अशी जोडी प्रलंबित आज्ञांच्या यादीत लिहून ठेवते. मग वाट पाहत न थांबता ती इतर कामे सुरू ठेवते. प्रत्युत्तर आले की ते उलगडणे, लांबी व बाबींची संख्या तपासणे, यादीतून जोडी शोधणे, आपल्याकडील नोंदी अद्ययावत करणे आणि शेवटी क्लायंटला निकाल कळविणे असा क्रम असतो. अपयशही क्लायंटला त्याच मार्गाने कळविले जाते. यशाची बातमी एका दाराने व अपयशाची दुसऱ्या दाराने आली, तर क्लायंट-लेखक दुसरे दार उघडे ठेवावयास विसरतो, असा अनुभव आहे.

या क्रमाचे महत्त्व काही आज्ञांवरून लक्षात येते. निक या आज्ञेने टोपणनाव बदलते. सिल्कमधील क्लायंटची ओळख इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांसाठी १२८ बिटांची असते व तीपैकी ८८ बिट टोपणनावावरूनच काढलेले असतात. म्हणून नाव बदलले की ओळखही बदलते आणि नवी ओळख प्रत्युत्तरातच मिळते. उत्तर येण्यापूर्वीच पडद्यावर नवे नाव दाखविणारा क्लायंट, सर्व्हरने नकार दिल्यास, वापरणाऱ्याला खोटी माहिती देत राहतो. जॉइन, म्हणजे चॅनेलमध्ये प्रवेश करण्याच्या आज्ञेच्या उत्तरात चॅनेलची ओळख, त्याची बंधने, सभासदांची यादी आणि सामान्यतः चॅनेलची कूटकिल्ली येते. हे उत्तर नीट उलगडले नाही, तर पुढचा मजकूर वाचताच येत नाही.

व्हूइज ही व्यक्तीची माहिती विचारणारी आज्ञा सर्वांत बोधप्रद आहे. इंटरनेट रिले चॅटमध्ये एका जाळ्यात एक टोपणनाव एकालाच मिळते. सिल्कमध्ये असे बंधन नाही. एकच नाव कितीही जण घेऊ शकतात. सावदा–फैजपूर परिसरात ‘चौधरी कुठे राहतात?’ असे विचारल्यास ‘कोणते चौधरी?’ असा प्रतिप्रश्न येतो, तशीच येथील स्थिती असते. प्रत्युत्तरात त्या नावाच्या सर्व व्यक्तींची यादी येते. ३ हा अंक असलेले पाकीट येईपर्यंत ती अपुरी असते. पहिली नोंद मिळताच तीच आपली व्यक्ती असे धरून चालणारा क्लायंट भलत्याच माणसाला गुप्त निरोप पाठवील. कूटबद्धीकरण कितीही भक्कम असले, तरी अशा चुकीवर त्याचा उपाय चालत नाही. उलट चुकीच्या माणसाच्या हाती निरोप अत्यंत सुरक्षितपणे पोहोचतो.

हाताळणीतील दोष : (१) जोडणी तुटल्यावर प्रलंबित आज्ञांची यादी नुसती पुसून टाकणे. असे केल्यास वापरणारा कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत राहतो. प्रत्येक प्रलंबित आज्ञेला अपयश कळवूनच यादी रिकामी करावयास हवी. (२) मुदत संपल्यावर उशिरा आलेले उत्तर स्वीकारणे. ज्याचा अंक यादीत नाही, असे उत्तर टाकून देणे योग्य. (३) उत्तरात लिहिलेल्या लांबीवर विश्वास ठेवणे. पाकीट कूटबद्ध होते म्हणजे त्यातील मजकूर बिनचूक आहे असे नव्हे. सर्व्हर सदोष वा दुष्टही असू शकतो. (४) लायब्ररीने दाखविलेली माहिती स्वतःची प्रत न करता पुढे वापरणे. ती स्मृतीतील जागा लायब्ररीची असते व उपक्रम संपताच ती दुसऱ्या कामासाठी वापरली जाऊ शकते.

विश्वासाची मर्यादा : ओळख-अंकामुळे उत्तर योग्य प्रश्नाला जोडले जाते आणि प्रमाणक अंकामुळे ते आपल्या सर्व्हरकडूनच आले, एवढे सिद्ध होते. सर्व्हर खरे बोलत आहे, हे त्यांपैकी कशानेच सिद्ध होत नाही. गेटकी या आज्ञेने दुसऱ्या व्यक्तीची सार्वजनिक किल्ली मागविता येते; पण ती किल्ली देतो सर्व्हरच. म्हणून त्या किल्लीचा संक्षिप्त ठसा समक्ष किंवा ओळखीच्या आवाजात दूरध्वनीवर पडताळून पाहावा, असे सांगतात. चांगल्या लायब्ररीने प्रत्युत्तरातून आलेली किल्ली ‘मिळाली’ व ‘पडताळली’ या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्यात आणि दुसरीचा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवावा.

इतर प्रणाली : आज्ञेला खूण लावून तीच उत्तरात परत मागण्याची पद्धत केवळ सिल्कची नाही. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेल्या आयमॅप या टपाल-वाचनाच्या प्रणालीत प्रत्येक आज्ञेच्या आरंभी अशी खूण असते. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएमपीपी या संदेश-प्रणालीत प्रत्येक विचारणेला ओळख द्यावी लागते व तिचे उत्तर ‘निकाल’ किंवा ‘दोष’ या दोहोंपैकी एका प्रकारचे असावेच लागते. इंटरनेट रिले चॅटच्या नव्या विस्तारांतही आज्ञेला खूणचिठ्ठी लावण्याची सोय करण्यात आली आहे. सिल्कचा वापर पुढे मागे पडला. तथापि प्रश्नाची खूण, उत्तराची अवस्था व अपयशाची स्पष्ट वार्ता या तीन गोष्टी एकाच सुटसुटीत मांडणीत बसविलेल्या असल्यामुळे प्रत्युत्तर-हाताळणीचा अभ्यास करणाऱ्यास ती प्रणाली आजही उपयुक्त ठरते.