घरची बाकी मांडणारे दोन चित्रपट

कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीतील व्यापारी कुटुंबाने चित्रपटगृहात जायचे म्हणजे संध्याकाळच्या गल्ल्यावर पाणी सोडायचे. तरीही अलीकडचे दोन मराठी चित्रपट सहकुटुंब पाहण्याजोगे आहेत. केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये (२०२३) दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, तो पाहण्यास ठिकठिकाणी स्त्रिया गटागटाने आल्या. महेश मांजरेकर यांच्या ‘जुनं फर्निचर’मध्ये (२०२४) वृद्ध पिता आपल्या अधिकारी मुलालाच न्यायालयात खेचतो. पहिल्यात प्रेक्षक हसता हसता डोळे पुसतो, दुसऱ्यात निःशब्द होतो. रोज जमाखर्च जुळवणाऱ्या घरांना एक प्रश्न थेट भिडतो: बहिणीचा अबोला, वडिलांचे एकटेपण कोणत्या वहीत लिहायचे? दुकानाची उधारी उद्याही वसूल होईल. ही बाकी मात्र वेळीच फेडावी लागते.