आकडा कोणी भरला?

लेखमाला : परमुलखातलं म्हातारपण – लेखांक ६

सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास हॉस्पिटलची केस मॅनेजर खोलीत आली आणि तिनं एक छापील यादी माझ्या हातात ठेवली. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासची १४ नावं, पत्ते, फोन आणि प्रत्येकापुढे एक ते पाच तारे. "उद्या सकाळपर्यंत तीन नावं सांगा. जिथे पलंग रिकामा असेल तिथे आईंना हलवू." यातली चांगली कुठली, असं विचारलं तर म्हणाली, "ते सांगायची मला मुभा नाही." ते खरंही होतं. मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमांप्रमाणे निवड रुग्णाची आणि घरच्यांची असते. पण निवडायला हाताशी एक संध्याकाळ होती आणि समोर नुसते तारे.

त्या संध्याकाळी मला जे ठाऊक असायला हवं होतं, ते आज लिहिते आहे.

आधी शब्द. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल. बाळंतपणाला किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आपण तिथे जातो. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वृद्ध, परावलंबी माणसं राहतात ती जागा. देशभरात अशा सुमारे १५ हजार आहेत. त्यातल्या बहुतेक 'स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी' म्हणूनही काम करतात, म्हणजे ऑपरेशननंतर किंवा पक्षाघातानंतर काही आठवडे नर्सची देखरेख आणि व्यायाम. इथली मराठी मंडळी तिला 'रिहॅब' म्हणतात. आईंना रिहॅबला हलवलं असं ऐकलं की डोळ्यांसमोर व्यायामाची जागा येते. प्रत्यक्षात तीन आठवड्यांसाठी आलेला माणूस आणि उरलेलं आयुष्य काढायला आलेला माणूस बऱ्याचदा एकाच मजल्यावर असतात आणि त्यांच्याकडे बघणारे हातही तेच असतात. मेडिकेअर १०० दिवसांपर्यंत किती भरतं आणि हॉस्पिटलातल्या तीन दिवसांची अट काय, ते गेल्या लेखांकात आलं आहे.

तारे देतं मेडिकेअर चालवणारं केंद्रीय खातं, डिसेंबर २००८ पासून. 'केअर कंपेअर' या सरकारी संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतात. एकूण ताऱ्यांच्या पोटात तीन वेगळे हिशेब असतात : सरकारी तपासणी, कर्मचारी आणि गुणवत्तेची मोजमापं. पाया तपासणीचा. बाकीच्या दोहोंत पाच तारे असले तर एकेक वाढतो, एकच असला तर एकेक घटतो. म्हणजे तपासणीत दोनच तारे मिळवलेली जागा बाकी दोन्हीकडे पाच-पाच घेऊन चारावर पोचू शकते. यादीवर छापलेले असतात ते हेच चार. म्हणून तिन्ही हिशेब वेगळे उघडून बघावेत, आणि प्रत्येक आकड्यापाशी थांबून एकच विचारावं : हा आकडा कोणी भरला?

गुणवत्तेची मोजमापं घ्या. पडून हाड मोडलेले किती, शय्याव्रण झालेले किती, वजन घटलेले किती. वाचायला हे सगळ्यात उपयोगाचं वाटतं. पण यातले बरेच आकडे ज्या प्रश्नावलीतून येतात, ती त्याच संस्थेतल्या नर्सनी भरलेली असते. शिकागो विद्यापीठातल्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ताडून पाहिलं. पडून गंभीर इजा झाली म्हणून हॉस्पिटलात गेलेल्या रहिवाशांची मेडिकेअरची बिलं त्यांनी घेतली आणि तेच पडणं नर्सिंग होमनं नोंदवलं होतं का, ते शोधलं. नोंद सापडली ५७.५ टक्के वेळा. पुढे २०२५ मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानंही असाच पडताळा घेतला, तेव्हा ४३ टक्के घटना नोंदवल्याच गेल्या नव्हत्या. म्हणजे 'आमच्याकडे कुणी फारसं पडत नाही' या आकड्याचा एक अर्थ असाही निघतो की इथे पडलेल्यांची नोंद होत नाही.

मन शांत करणाऱ्या औषधांचं त्याहून वाईट. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ही अँटिसायकोटिक औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला आहे. किती रहिवाशांना ती दिली जातात हे ताऱ्यांत मोजलं जातं, पण स्किझोफ्रेनियाचं निदान असेल तर तो रुग्ण मोजणीतून वगळला जातो. मग काही ठिकाणी ऐंशीच्या घरातल्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा स्किझोफ्रेनियाचं निदान मिळू लागलं. २०२३ पासून सरकार त्याची तपासणी करतं आणि खोटेपणा सापडला तर त्या विभागात तारा एकावर आणतं. ओरडणारी आजी गोळीनं गप्प होते आणि कागदावर तिचा मागमूसही उरत नाही, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

याच विभागातले काही आकडे मात्र संस्थेच्या हातात नसतात. दाखल झाल्यापासून ३० दिवसांत किती जणांना पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, किती जण सुखरूप घरी गेले, हे मेडिकेअरच्या बिलांवरून काढलेलं असतं. अल्पकाळासाठी जाणाऱ्या माणसासाठी मी ते आधी बघेन.

आता कर्मचारी. माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याला द्यावं. पूर्वी हेही संस्था स्वतःच सांगत. २०१६ पासून पगारपत्रकावरून तासांचा हिशेब सरकारकडे पाठवावा लागतो. पगार दिल्याशिवाय तास दाखवता येत नाहीत, म्हणून हा आकडा बराच खरा. तो 'दर रहिवाशामागे दर दिवशी तास' असा असतो. साडेतीन तास वाचलं की वाटतं, वा, आपल्या माणसाजवळ कुणीतरी साडेतीन तास बसणार. तसं नसतं. त्यात रात्र येते, गोळ्या वाटणारी नर्स येते, कागद भरणारीही येते. अंघोळ घालणं, कपडे, संडास-लघवी, भरवणं, कूस बदलणं हे सगळं करणारी असते ती नर्सिंग असिस्टंट. इथे सगळे तिला 'एड' म्हणतात. तिला केंद्राच्या नियमानं किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. आमच्या न्यू जर्सीत २०२१ पासून कायदा आहे : दिवसपाळीला ८ रहिवाशांमागे एक एड, संध्याकाळी १० मागे एक, रात्री १४ मागे एक. हिशेब करून बघा. आठ तासांची पाळी, आठ माणसं, म्हणजे एकाच्या वाट्याला एक तास, तोही तिनं डबा खायला न बसता. त्याच तासात एक अंघोळ, दोन जेवणं, तीन-चारदा बाथरूम. एक एड आली नाही आणि तिचे लोक वाटले गेले, आठाचे तेरा झाले, की तोच तास ३७ मिनिटांवर येतो. मग ज्याला हळूहळू घास लागतो त्याचं ताट अर्धं परत जातं. ज्याला धरून बाथरूमला नेता आलं असतं त्याला डायपर लावला जातो. पंधरा दिवसांत तो माणूस खरोखरच चालेनासा होतो.

सरकारच्याच २००१ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की दिवसाला एकूण ४.१ तासांच्या खाली गेलं की काळजीचा दर्जा ढासळू लागतो. २०२४ मध्ये ३.४८ तासांचा केंद्रीय नियम झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासातल्या न्यायालयानं तो रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी जुलैत काँग्रेसनं कायदा करून त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पण वाचकानं यातून ४.१ हा आकडा उचलावा आणि यादीतल्या जागेशी ताडून बघावा. शिवाय शनिवार-रविवारचे तास आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले हेही तिथेच वेगळं दिलेलं असतं. माणसं टिकत नाहीत तिथे आईंना चष्म्याशिवाय ऐकूही येत नाही असं वाटतं, हे कुणाला कळणार?

तपासणीचं थोडक्यात. राज्याचे तपासनीस न सांगता येतात, जास्तीत जास्त १५ महिन्यांच्या अंतरानं. दोष सापडला की त्याला ए ते एल असं अक्षर मिळतं : अक्षर जितकं पुढचं, तितका दोष गंभीर किंवा पसरलेला. जी आणि त्यापुढची अक्षरं दिसली की अहवाल पूर्ण वाचावा. जे, के, एल म्हणजे जिवाला तात्काळ धोका. नावं नसतात, पण प्रसंग तारीख-वेळेसह लिहिलेले असतात. वाचायला धीर लागतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तपासणीचे तारे राज्याच्या आत तुलना करून दिले जातात. वरच्या १० टक्क्यांना पाच, तळाच्या २० टक्क्यांना एक. त्यामुळे ह्यूस्टनची बहीण आणि एडिसनचा भाऊ यांनी आपापल्या यादीतले तारे एकमेकांशी लावू नयेत. नावापुढे हाताच्या पंजाचं लाल चिन्ह असेल तर तिथे छळ किंवा गैरवागणुकीचा ठपका आलेला आहे. मी ते नाव तिथेच सोडलं.

त्या संध्याकाळी अशी चाळणी लावून १४ ची तीन झाली आणि साडेसहाला, जेवणाच्या वेळी, मी दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी दिवाणखाना हॉटेलसारखा, पियानो, ताजी फुलं. आत गेल्यावर नर्सच्या टेबलासमोर सात-आठ व्हीलचेअर ओळीनं लावलेल्या, माणसं माना टाकून बसलेली. एका दारावरचा कॉल लाइट पेटलेला होता. मी भिंतीला टेकून घड्याळ बघत उभी राहिले. २२ मिनिटांनी कुणीतरी आत गेलं. दुसरी इमारत जुनी, गालिचा विटलेला. पण एड एका आजोबांशेजारी खुर्ची घेऊन, बसून, भरवत होती. तिला मी विचारलं, आज तुमच्याकडे किती जण आहेत? न अडखळता म्हणाली, "नऊ. एकीला बरं नाही, म्हणून." दाराजवळ त्या पाळीला किती कर्मचारी आहेत याचा कागद लावलेला होता. तो लावणं सगळीकडे बंधनकारक आहे, तसंच शेवटच्या तपासणीचा अहवाल न मागता वाचता येईल असा ठेवणंही. कागदावरचा आकडा आणि तिचं उत्तर जुळलं. आम्ही ती जागा निवडली.

निवड झाली म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं होतं. आठव्या दिवशी आईंच्या टाचेवर लाल डाग दिसला. दाबला तरी फिका होईना. शय्याव्रणाची ती पहिली पायरी. मी नर्सला सांगितलं, तर तिनं टॅबलेट उघडून दाखवलं : दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, सगळीकडे खूण. त्यात दुपारी दोनचीही होती. दुपारी दोनला आई तळमजल्यावर व्यायामाला होत्या, मी स्वतः सोबत होते. एड खोटारडी नव्हती. पाळी संपताना घाईघाईनं सगळ्या चौकटी एकदम भरल्या गेल्या होत्या. जेवणाच्या नोंदीत लिहिलं होतं, 'गुरुवारी जेवण नाकारलं'. गुरुवारी एकादशी होती. आईंनी ताटाला हात लावला नाही आणि का ते त्यांना इंग्रजीत सांगता आलं नाही. रुग्णाला त्याची प्रकृती त्याला समजेल त्या भाषेत सांगणं संस्थेवर बंधनकारक आहे, फोनवरून मराठी दुभाष्या मिळतो, पण तो कुणी मागितला नव्हता. मीही नाही.

आई पोस्टात ३४ वर्षं काउंटरवर होत्या, कोल्हापुरात. मी घरून त्यांचं कालनिर्णय नेऊन पलंगाशेजारी टांगलं होतं. टाचेचा प्रकार झाला त्या संध्याकाळी म्हणाल्या, "अगं, ते पान उलटून बघ जरा." मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक अक्षरात ओळी होत्या. घंटा ९.१०, बाई आली ९.२५. घंटा ३.४०, कोणी नाही, ४.१५ ला आली. कूस रात्री १, नंतर पहाटे ५.३०. सहा दिवसांच्या नोंदी, एकही खाडाखोड नाही.

दोन दिवसांनी केअर प्लॅनची बैठक होती. या बैठकीला बसायचा हक्क रुग्णाला आणि घरच्यांना असतो, आणि आईंनाच मी व्हीलचेअरवरून घेऊन गेले. नर्सिंगच्या प्रमुख बाईंनी टॅबलेट समोर ठेवला, मी त्याच्या शेजारी कालनिर्णयाचं पान ठेवलं. देवनागरी आकडे त्यांना वाचता येईनात. तेव्हा मी एकेक ओळ वाचत गेले, त्या टॅबलेटवर तीच वेळ शोधत गेल्या, आणि आई मधूनमधून माझी चूक दुरुस्त करत होत्या : "तीन चाळीस. तीन चौदा नव्हे." तिसऱ्या ओळीनंतर बाईंनी टॅबलेट बाजूला सारला, टाचेखाली लावायची उशी त्याच दिवशी मागवली, आणि विचारलं, या पानाची झेरॉक्स काढली तर चालेल का? आईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काढू दे. पण मूळ पान परत पाहिजे म्हणावं, पुढच्या आठवड्याचं लिहायचंय."