कोणती कारवी? नोंदवहीत नीट लिहू या



गावच्या जैवविविधता नोंदवहीचं काम निघालं आणि आमच्या गटाच्या बैठकीत दोन आज्यांची जुंपली. एक म्हणाली, "कारवी डोक्याच्या वर जाते. तिच्याच काठ्यांचे कूड घातले आम्ही, वरून शेणमातीनं लिंपले." दुसरी म्हणाली, "छे गं! कारवी गुडघ्याएवढी. सड्यावर टोपली पालथी घातल्यासारखी दिसते."

दोघीही खऱ्या. पहिलीची ती मोठी कारवी, दुसरीची टोपली कारवी. वहीत नुसतं 'कारवी' लिहिलं असतं, तर उद्या वाचणाऱ्यानं कोणती समजायची?

म्हणूनच शास्त्रात प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द आडनावासारखा, जवळच्या भावंडांना सारखाच. दुसरा तिचा एकटीचा. मोठ्या कारवीला 1832 साली नेस या जर्मन शास्त्रज्ञानं 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा' नाव दिलं. 'कॅलोसा' म्हणजे घट्टे पडलेली. आपल्या हातांसारखीच की! बारा वर्षांनी फुलणारी निलगिरीची नीलकुरिंजी हिची भावंड. दोघींचं कुळ अडुळशाचं; गजऱ्यातली अबोली आणि कुंपणाची कोरांटीही त्यातलीच.

1944 साली ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञानं या भावंडांची वाटणी केली आणि आपल्या कारवीला वेगळं आडनाव दिलं: 'कार्विया'. हा शब्द आला आपल्याच 'कारवी'वरून! पुढे इतर शास्त्रज्ञांनी तिला पुन्हा जुन्या घरात घेतलं. त्यामुळे पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात. घाबरू नका, झाड एकच.

नावाचा एवढा आग्रह कशाला? मोठी कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. बी पडण्याआधीच सगळी तोडली, तर तिथं पुढची पिढी उगवायची कुठून? झाड नेमकं ओळखलं, तरच कधी तोडायचं आणि कधी थांबायचं हे ठरवता येतं.

तेव्हा वहीत गावातलं नाव लिहा. सोबत उंची, पान, फुलाचा रंग, ठिकाण, उपयोग आणि फुलल्याचं वर्षही लिहा. फुलासकट एक फांदी कागदात दाबून ठेवा. शास्त्रीय नाव जाणकाराकडून भरून घेता येईल. पण मागच्या वेळी कारवी कधी फुलली होती, हे आज्यांनाच विचारा. आजच विचारा.