व्यस्त त्रिकोणमितीय फले आणि ‘लीलावती’तील चापविचार

त्रिकोणमितीय फले आवर्ती असल्याने एकैकी नसतात. आणि जे फल एकैकी नाही त्याचे व्यस्त फल संभवत नाही. ज्यांची साइन १/२ आहे असे कोन ३०°, १५०°, ३९०° असे अगणित आहेत. म्हणून साइनचा प्रांत −९०° ते ९०° इतका मर्यादित करावा लागतो. तेथे ती सतत वाढते व −१ ते १ मधील प्रत्येक मूल्य नेमके एकदाच घेते. वर्गात ही मर्यादा बहुधा एक तांत्रिक अट म्हणून सांगितली जाते आणि पुढे विसरली जाते.

तिची निकड भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) स्पष्ट दिसते. जीवेवरून चाप काढण्याचा तेथील स्थूल नियम असा : परिधीच्या वर्गास जीवेच्या चतुर्थांशाने व पाचाने गुणावे, चौपट व्यास अधिक जीवा यांनी भागावे, भागाकार परिधिवर्गाच्या चतुर्थांशातून वजा करावा, उरलेल्याचे वर्गमूळ परिधीच्या अर्ध्यातून वजा केले की चाप मिळतो. व्यास २४० व जीवा १२० घेतल्यास भागाकार परिधिवर्गाच्या ५/३६ येतो, बाकी १/९, वर्गमूळ परिधीच्या १/३. अर्ध्यातून ते वजा करता परिधीचा १/६, म्हणजे ६०°. येथे उत्तर अचूकच आहे.

वस्तुतः हे वर्गसमीकरण आहे. वर्गमूळ वजा न करता मिळविले तर ५/६ येते. तोही त्याच जीवेचा चाप, पण मोठा. भास्कराचार्य लहान चाप घेतात. जीवा भागिले व्यास ही अर्ध्या चापाची साइन असल्याने हे दोन चाप म्हणजे ३०° व १५०° या दोन अर्धकोनांची निवड होय. त्यांतील ३०° ला आज मुख्य मूल्य म्हणतात. (खानदेशातील पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद आहे, हा नियमही तेथे शिकविला गेला असावा.)

याच कारणाने साइन १५०° चे व्यस्त साइन १५०° नसून ३०° येते. उलट क्रमाने मात्र, −१ ते १ मधील कोणत्याही संख्येचे व्यस्त साइन घेऊन त्याची साइन काढल्यास मूळ संख्याच परत मिळते. व्यस्त साइन व व्यस्त कोसाइन यांची बेरीज ९०° येते, तीही कोसाइनसाठी ० ते १८०° हा प्रांत ठरविल्यामुळेच.

व्यस्त टॅन्जंटच्या बेरजेत चूक अधिक होते. दोन संख्यांची बेरीज भागिले एक वजा त्यांचा गुणाकार, हे सूत्र गुणाकार एकापेक्षा कमी असतानाच जसेच्या तसे चालते. २ व ३ घेतल्यास ते −१, म्हणजे −४५° देते. दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी? येथे १८०° मिळवून १३५° घ्यावे लागतात.